हळकुंड झालेला हात

एका राज्यात हळद पिकत असे, आणि ती अशी की सात समुद्रांपलीकडचे व्यापारी राजाचं नाव न विचारता आधी तिचा भाव विचारत. त्या हळदीच्या पोत्यावर एक तांब्याचा शिक्का उठायचा. शिक्का पूर्वजांना भूमातेने दिलेला. तो उठवताना राजाने मोठ्याने शपथ घ्यायची, ‘या पोत्यापायी कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही, कोणतं रान उजाड नाही.’ खोटी शपथ घेतली तर काय होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण तशी कोणी घेतलीच नव्हती.

राजा सुकेतू मनाने भला, पण अंगाने सुस्त. पूर्वीचे राजे शिक्का उठवण्याआधी रानोरान हिंडत, बांधावर बसून भाकरी खात, मग शपथ घेत. सुकेतूला कपिलाक्ष नावाच्या मायावी व्यापाऱ्याने एक आरसा दिला. आरशात डोकावलं की राज्यातली सगळी रानं दिसत. हिरवीगार पानं, हसरी माणसं. राजा गादीवर लोडाला टेकून आरशात पाही, समाधानाने मान हलवी आणि शिक्का उठवी.

राणी मृगावती मात्र जन्माची संशयी. दूध आलं की आधी मांजराला पाजायची, आणि मग मांजर आपल्याला सामील तर नाही ना, असं त्याच्याकडे बघायची. दर सुगीला गावोगावची ओली हळद नमुना म्हणून तिच्या सज्जात येई. राणी ती मोडून सोन्याच्या तबकात ठेवी. तबकाइतकी पिवळीधमक निघाली तर ठीक. जरा फिकी दिसली, कुठे डाग दिसला, की सज्जातून खाली भिरकावून द्यायची. मग त्या गावाचं पोतंन् पोतं परत जाई. “मला कोणी फसवू शकत नाही,” असं ती म्हणे. कोणी हो म्हटलं तर त्याच्यावरही संशय घेई.

अशाच एका सुगीला राजाने शिक्का उठवला आणि त्याचा अंगठा पिवळा पडला. हळद लागली असेल म्हणून त्याने धुतला. पिवळेपणा गेला नाही. दुपारपर्यंत अंगठा कडक झाला, सुरकुतला, त्यावर कांड्या दिसू लागल्या. राजवैद्यांनी नखाने खरवडून हुंगलं आणि हळूच म्हणाले, “महाराज, हे हळकुंड आहे.”

दुसऱ्या दिवशी बोटं गेली. मग तळवा. वैद्यांनी सांगितलं, हे काळजापर्यंत पोचलं की महाराज आपल्यात राहणार नाहीत.

दरबारात सगळे रडले. राणीने एकेकाचे डोळे निरखून पाहिले, कोणाचे अश्रू खरे आहेत म्हणून. पण आपल्या महालात आली, दार लावलं, आणि मग तीही रडली. सुकेतूवर तिचा फार जीव होता. साऱ्या राज्यात ज्याने दिलेला घास ती न तपासता खायची, असा तो एकच माणूस होता.

सज्जाच्या कठड्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. तांबडे डोळे, तांबूस पंख. त्या राज्यातला भारद्वाज विचारलं तरच बोलतो, आणि विचारलं तेवढंच बोलतो.

“महाराज कशाने बरे होतील?” राणीने विचारलं.

“जिथे पहिलं खोटं बोललं गेलं, तिथली हळद उगाळून लावावी. हात मोकळा होईल.”

“आणि चुकीच्या जागची लावली तर?”

“हात जितका गेला, तितका आणखी जाईल.”

“तुला यात काय मिळणार?”

“काही नाही.”

हे उत्तर राणीला मुळीच पटलं नाही. पण दुसरा उपाय नव्हता. तिने सहाण झोळीत टाकली, घोड्यावर मांड ठोकली आणि निघाली. भारद्वाज मागोमाग उडाला.

पहिली फेरी अर्थातच कपिलाक्षाकडे. जिभेवर एवढी साखर असलेला माणूस सरळ असणं शक्य नाही, असं राणीचं जुनं मत होतं. कपिलाक्ष दारातच हात जोडून उभा होता.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे, राणीसाहेब. पेव उघडंच आहे. खुशाल उतरावं.”

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड विहिरीएवढं, पोट महालाएवढं. राणी वाकली आणि थबकली. पेवाचं तोंड उघडलं की दिवसभर वारा खेळू द्यायचा, मग दोराने पेटता दिवा खाली सोडायचा, हा त्या राज्यातला रिवाज. दिवा तेवला तर माणसाने उतरायचं.

“दिवा आण,” राणी म्हणाली.

“माझ्यावर संशय?”

“सगळ्यांवर आहे. दिवा आण.”

दिवा हातभर खाली गेला नाही तोच विझला. पेवाच्या तळाशी कोणीतरी श्वास घेत होतं. तो कोंदट हवेचा नाग होता. माणूस उतरला की त्याचा श्वास तो आपल्या श्वासात ओढून घेई. राणीने कपिलाक्षाकडे पाहिलं. तो हसतच होता. तिने आकडा लावून वरच्या वरच एक हळकुंड ओढून काढलं आणि घोडा राजवाड्याकडे फिरवला. लबाडी इथेच सुरू झाली याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नव्हती.

उगाळून लेप लावला. राजाचा हात कोपरापर्यंत हळकुंड झाला.

राणी आरशापुढे जाऊन उभी राहिली. आरशात शेतं हसत होती. ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं: बाहेर ऊन कललं, तरी आरशातल्या सावल्या जागच्या हलल्या नव्हत्या.

दुसरी फेरी हळद शिजवण्याच्या गावाची. तिथे मोठमोठ्या काहिली चुलवणांवर रटरटत होत्या. बायका लाकडं सारत होत्या, आणि लाकडं ओली होती. डोंगरावर नजर जाईल तिथवर तोडलेल्या झाडांचे बुंधे उभे होते, आणि एकेक बुंधा बारीक आवाजात कण्हत होता.

“हे कशाचं कण्हणं?” राणीने विचारलं.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे,” सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, आणि सगळ्या एकदम हसल्या. आरशातल्या माणसांसारखंच ते हसू होतं.

राणी काहिलीजवळ गेली. काहिलीत शिजत्या हळदीवर एक जण झगझगीत पिवळी भुकटी टाकत होती. तिची बोटं भाजलेली होती, नखं गळाली होती. भुकटी कपिलाक्षाची. इथली हळद राणीने उचलली, धावत-पळत आणली, उगाळली.

हात खांद्यापर्यंत गेला. राजा आता हळू बोलत होता, आणि बोलताना त्याच्या तोंडाला हळदीचा वास येत होता.

“मृगे,” तो म्हणाला, “मी कधी गेलो नाही ना गं तिकडे. नुसतं बघत राहिलो.”

“बोलू नका. दम लागेल,” राणी म्हणाली आणि तिसऱ्या फेरीला निघाली. आता चुकायला जागा नव्हती. खांद्यापासून काळीज किती लांब?

तिसरी फेरी रानाची. रान कसलं, राखच ती. घोड्याचा पाय पडला की माती धुरासारखी उडायची. बांधावर येसाई नावाची म्हातारी बसली होती. त्या गावची कारभारीण. राणीला पाहताच तिने पदर सावरला आणि ओठ ताणून हसली.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे, राणीसाहेब.”

“तू खोटं बोलतेस.”

“होय जी,” येसाई म्हणाली. हसू मात्र तसंच राहिलं. “खरं बोललं की पोतं परत येतं.”

राणी घोड्यावरून उतरली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिला खोटेपणाची कबुली इतक्या सहज दिली होती. आता संशय घ्यायचा तरी कशावर, हे तिला कळेना.

“जेठे गड्डे कुठे आहेत?” तिने विचारलं. पुढच्या लागवडीसाठी राखायचे ते थोरले कंद. तेवढे त्या राज्यात कोणी विकत नसे. जेठा गड्डा विकणं म्हणजे पोरीच्या तोंडचा घास विकणं.

“विकले. सगळी पोती परत आली, तूट भरायची कशी? जेठे गड्डे घातले. रानाला विसावा द्यायचा, तोही दिला नाही. तरी पिवळी निघेना. मग कपिलाक्ष आला. म्हणाला, भुकटी घ्या, तबकात सोन्यासारखी दिसेल. त्या भुकटीचं पाणी रानात मुरलं आणि रान जळालं.”

“पण तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं की. पहिल्या साली माझा धनी स्वतः नमुना घेऊन आला होता. चांगली हळद, जरा फिकी. यंदा पाऊस कमी झाला, असं सांगत होता. तुम्ही सज्जातून फेकून दिलीत. दुसऱ्या साली तो भुकटीत भिजवलेली घेऊन आला. तुम्ही विचारलंत, हळद चोख आहे? तो म्हणाला, होय राणीसाहेब. मग तुम्ही शाबासकी दिलीत. घरी आला तो पुन्हा कधी मान वर करून बोलला नाही. गेला बिचारा त्याच खंतीने.”

राणी तिथेच, त्या राखेत मटकन खाली बसली.

भारद्वाज बांधावर बसून पाहत होता. राणी त्याच्यावर उसळली, “तुला हे पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला सज्जातच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं कुठे?”

पहिलं खोटं तिच्या सज्जात बोललं गेलं होतं. राज्यात उभ्या-आडव्या सगळ्यांवर तिने संशय घेतला. सोन्याच्या तबकावर कधी घेतला नाही. पण तिथली हळद आणायची कुठून? तबक तर कधीच धुवून ठेवलेलं. विचार करता करता राणी एकदम उठली. ती कशाने उठली हे येसाईला कळलं नाही, पण राणीने तिचा हात धरून तिलाही घोड्यावर घेतलं.

सज्जाखाली कोणी कधी जात नसे. गचपण माजलं होतं. राणीने हातांनी काटे बाजूला सारले, आणि आत हळदीची रुंद हिरवी पानं डोलत होती. वर्षानुवर्षं फेकलेले, डागाचे, फिके तुकडे. न शिजलेले, न रंगवलेले. भिंतीच्या ओलाव्यावर ते आपले रुजले होते, फुटले होते, भक्कम जेठे गड्डे धरून बसले होते. राज्यातलं खरं बियाणं तेवढंच उरलं होतं.

येसाईने एक कंद उकरून पुसला आणि नाकाशी धरला. तेव्हा ती खरी हसली, आणि मग रडली.

राणीने तो कंद सहाणेवर उगाळला. लावताना नेहमीप्रमाणे तिला शंका आली होती, फक्त या वेळी स्वतःची. लेप फिकाच होता. राजाच्या खांद्यावर तो पसरताच कांड्या उकलल्या, साल गळाली, आणि आतून मऊ, ऊबदार हात बाहेर आला. राजाने आधी राणीचे डोळे पुसले.

त्याच क्षणी आरसा तडकला. मायावी कपिलाक्ष कुठूनसा प्रकट झाला, तो वाचवायला धावला आणि आरशातच ओढला गेला. तिथल्या रानात तो अजून उभा आहे, हसतो आहे, आणि त्याची सावली हलत नाही. पेवातला नाग उघड्या वाऱ्यावर विरून गेला. डोंगरावरचे बुंधे कण्हायचे थांबले. पालवी फुटायला मात्र वेळ लागला, आणि रानाची माती माती व्हायलाही. तोवर सज्जाखालचे गड्डे गावोगाव वाटले गेले. शिक्का त्यानंतर राजवाड्यात कधी उठला नाही. राजा बांधावर जाई, भाकरी खाई, काहिलीपाशी बसे, आणि रानातल्या माणसांनी हो म्हटलं तरच शपथ घेई.

पुन्हा पहिली सुगी आली. सज्जात नमुना आला, साध्या सुपात. राणीने मोडून पाहिला. फिका होता, कडेला एक डाग होता. जुन्या सवयीने तिचा हात कठड्याकडे वळला.

मग तिने हात मागे घेतला, कंद ओटीत ठेवला आणि आणणाऱ्याला विचारलं, “ही कोणाच्या रानातली? कशी आहेत ती माणसं?”