चार बोटांचं पाऊल

"विचारून शिरलास का आत?"

दस्तगीरचाचांनी हे उन्मेषला विचारलं, तेव्हा मी चहा घेऊन आमच्या कारखान्याच्या दारात उभी होते. ह्यांच्या दुखण्याला उतार पडावा म्हणून सोळा सोमवार दिवेलागणीपर्यंत मौन पाळीन, असा नवस मी बोलले होते. तो नववा सोमवार. म्हणून मी फक्त पाहिलं, ते सांगते.

चाचा जुने कोबेवाले, सिमेंटची जमीन करणारे. जुना लेथ विकल्यावर ह्यांनी रिकाम्या कोब्याला तांबूस रंग द्यायचं काम त्यांना दिलं. चाचांनी ते आपल्या शिष्यावर, उन्मेषवर सोपवलं. कोबा निर्दोष उतरला तर चाचा आपली घोटायची थापी त्याच्या हाती देणार होते. आठ वर्षं तो त्या थापीची वाट पाहत होता.

"कुणाला विचारू, चाचा? आत चिटपाखरू नव्हतं."

चाचा वाकून कोबा न्याहाळू लागले.

कोबा सुंदर उतरला होता. तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा. फक्त लेथ होता त्याच्या पुढ्यात दोन पांढरी पावलं राहिली होती. उन्मेषनं ती तीनदा घासली होती, तीनदा रंग दिला होता.

तो म्हणाला, तेल मुरलंय. हा रंग वर बसत नाही, सिमेंटात मुरतो. जिथे तेल, तिथे तो शिरत नाही. हे तुम्हीच शिकवलंत.

"मग पाणी शिंपड."

तेलावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात. उन्मेषनं ओंजळभर शिंपडलं.

पावलांनी पाणी पिऊन टाकलं. एक थेंब उरला नाही.

"तेल नाही," चाचा म्हणाले. "बोटं मोज."

उन्मेषनं मोजली. डाव्या पायाची पाच. उजव्याची...

"चार."



आमच्या लेथवर भीमूअण्णा सत्तावीस वर्षं उभे राहिले. देवापुढे राहावं तसे अनवाणी. उजव्या पायाला करंगळी नव्हती. गेल्या आषाढात ते गेले. उन्मेषनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

चाचा माझ्याकडे वळले. "वहिनी, कोण उभं राहायचं इथं?"

ओठांवर नाव आलं होतं. नवस आड आला.

मी पदर डोक्यावर घेतला, पुढे झाले, आणि चाचांसाठी आणलेला चहा त्या पावलांपुढे ठेवला. रोज चार वाजता अण्णांपुढे ठेवायचे तसा.

कारखाना बंद होता. वारं नव्हतं. तरी कपातला चहा हलकेच थरथरला... मग थांबला.

चाचांनी चपला काढल्या. कपाळाशी हात नेऊन सलाम केला.

उन्मेषनं विचारलं, "पुन्हा घासू का, चाचा?"

"नको. दोष तुझ्या कामात नाही."

"मग थापी...?"

चाचांनी पिशवीतून थापी काढली. मूठ झिजून त्यांच्या तळव्यासारखी झालेली. ती त्यांनी त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातांनी मिटली.

"चाळीस वर्षं मी रिकाम्या जागेच्याही उंबऱ्यात थांबून विचारतो, येऊ का म्हणून. तूही विचारत जा, बाळा. आणि आतून हो आल्याशिवाय पाय टाकू नकोस."