टाचेचा तुकडा

‘पेडल आणखी एक दाता वर घेतलं तर?’ घोरपडेबाईंनी विचारलं.

इराप्पाअण्णांनी मान वर केली नाही. ते रॉकेलच्या डब्यात चेन धूत बसले होते. चेन धुताना अण्णा कुणाचं ऐकत नाहीत, असं गडहिंग्लजात सगळे म्हणत. ऐकत सगळं असत, उत्तर देत नसत.

‘कितवं गॅरेज हे?’ चेन पालथी करत त्यांनी विचारलं.

‘तिसरं.’

‘पहिल्या दोघांनी काय केलं?’

‘गिअरचं पेडल एकेक दाता वर फिरवून बसवलं.’

‘मग? टाकता आला गिअर?’

‘खाली पाडता येतो.’

घोरपडेबाई अशा आडून बोलल्या, ही काही साधी गोष्ट नव्हे. हायस्कूलच्या खेळाच्या बाई. शिट्टी फुंकली की सगळं मैदान चिडीचूप. विद्युलता घोरपडे यांना अरेतुरे करणारा तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो आत्ता चेन धूत होता. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर अण्णांनी त्यांना मोटरसायकल शिकवली होती.

गेल्या वर्षी टेम्पोनं उडवलं आणि डावा घोटा गेला. डॉक्टरांनी सळई घालून सांधा कायमचा जाम केला. पाय वाचला, पण घोटा काही वाकायचा नाही. आता त्यांच्या गाडीचा गिअर खाली पाडायचा तर चवड्यानं पेडल दाबायचं, ते जमत होतं. वर चढवायचा तर चवडा पेडलखाली घालून उचलायचा. तिथं सगळं अडत होतं.

‘आधी इथं का नाही आलीस, मास्तरीण?’

बाईंनी किल्ली बाकावर ठेवली. इथं आलं की लपवता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘आज आलीस ती का?’

‘चार वाजता रणधीरदादा गिऱ्हाईक घेऊन सामानगडाच्या चढाखाली उभा राहणार आहे. मीच पैज घेतली. गाडी गडावर चढवली तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही. नाही चढली तर किल्ली त्याच्या हातात.’

थोरल्या भावाला वाटत होतं, बहिणीनं आता गुमान स्कूटर घ्यावी. त्याला वाईट तरी कसं म्हणावं? टेम्पोखालून तिला उचलून आणलं होतं ते त्यानंच.

‘वळणावरनं आलीस तेव्हाच ऐकलं मी,’ अण्णा म्हणाले. ‘गाडी रडत आली. निघताना हातानं दुसरा टाकलास, आणि सगळा रस्ता त्यातच आणलीस.’

‘तिसरा टाकायची गरज पडली नाही.’

‘बूट दाखव. डावा.’

बाईंनी पाय पुढे केला. रोज मोटरसायकल चालवणाऱ्याच्या डाव्या बुटावर, चवड्याच्या वर, पेडल घासून काळा डाग पडलेला असतो. हा बूट कोरा करकरीत होता.

‘दोन महिने चालवतेस म्हणून गावभर सांगत सुटलीस.’

‘चालवतेच.’

‘दुसऱ्यात.’

अण्णांनी हात पुसले. उठले. भिंतीवरच्या खिळ्याला एक वाकडा, गंजका लोखंडी तुकडा टांगलेला होता, तो काढून त्यांनी बाईंसमोर धरला.

बाईंनी तो लगेच ओळखला. ही लांबलचक क्रूझर नवी आली तेव्हा तिच्या पेडलला पुढं चवड्याचा आणि मागं टाचेचा, असे दोन भाग होते. टाच दाबली की गिअर वर चढायचा. बारा वर्षांपूर्वी बाई इथंच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, ‘टाचेनं गिअर टाकतात ते दूधवाले, अण्णा. कापून टाका.’ अण्णांनी कापला होता. टाकला मात्र नव्हता.

‘ते नको,’ बाई म्हणाल्या.

‘का?’

‘लोक बघतील.’

‘काय बघतील?’

‘लंगडी झाली म्हणून टाचेचं लावलं, म्हणतील.’

‘लंगडतेस की.’

वर्षभरात हा शब्द कुणी तोंडावर काढला नव्हता. शाळेत ‘बाई, जपून’ म्हणत, घरी सगळे नजर चुकवत. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं. त्याचा तर त्यांना आणखीच राग आला.

‘सगळ्यांच्या गाडीला असतं तसंच पाहिजे मला.’

‘मग सगळ्यांसारखा पाय घेऊन ये. लावून देतो.’

बाईंनी किल्ली उचलली आणि गाडीकडे वळल्या. चार पावलं गेल्या, चारही लंगडत. अण्णांनी हाक मारली नाही. मारली असती तर त्या खात्रीनं गेल्या असत्या.

गाडीपाशी त्या थांबल्या. पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, ‘घोटा गेला, अण्णा. गेला तर गेला. गाडी मी देणार नाही.’

‘मग बस.’

बाई बसल्या. अण्णांनी साइड स्टँड लाथेनं मागं सारलं आणि हँडल धरून गाडी सरळ उभी केली.

‘बाकीच्यांनी स्टँडवरच माप घेतलं असणार.’

‘हो.’

‘स्टँडवर गाडी कलते. कललेल्या गाडीवर पाय कसा पडतो, त्याचं काय करायचंय आपल्याला? डोळे मीट. रस्ता मोकळा आहे असं समज, आणि पाय ठेव.’

बाईंनी पाय ठेवला. अण्णांनी वाकून टाचेशी, इंजिनच्या झाकणावर, खडूनं रेघ ओढली.

‘उचल. परत ठेव.’

दुसरी रेघ. मग तिसरी.

‘बघ आता.’

तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. जिथून तुकडा कापला होता, तिथून दोन बोटं मागं.

‘पूर्वीच्याच जागी का नाही बसवायचा?’

‘पूर्वीचा पाय आहे का?’

अण्णांनी मध्ये दोन बोटांची पट्टी घालून तुकडा वेल्डिंगनं जोडला. जोड काळाकुट्ट, जाडजूड, रस्त्यापलीकडून दिसेल असा. बाईंनी तो डोळे भरून पाहिला. पॉलिश मारा म्हणाल्या नाहीत.

पेडल परत दात्यांवर चढवायची वेळ आली तेव्हा अण्णांनी ते बाईंच्या हातात दिलं. वर पानाही दिला.

‘कुठल्या दात्यावर बसवू?’

अण्णा चेनकडे परत गेले होते.

बाईंनी पेडल एक दाता खाली घेतलं. बसून पाहिलं. आणखी एक दाता खाली घेतलं. दोन गॅरेजांनी चढवलेलं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं, आणि बोल्ट असा आवळला की पाना कुरकुरला.

गाडी सुरू झाली. रस्त्याला लागली. चेन हातात तशीच धरून अण्णांनी डोळे मिटले.

पहिला… दुसरा… मग बराच वेळ काही नाही.

खट्. तिसरा.

वळणापलीकडे चौथा पडला, तेव्हा त्यांनी चेन डब्यात सोडली.

बाई परत आल्या त्या इंजिन बंद न करताच उभ्या राहिल्या. चेहरा धुळीनं भरला होता, डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा होत्या, आणि त्या पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होत होते.

‘अण्णा, दादा आधी पेडलच बघणार. लोकांसमोर विचारणार, पायाचं काय झालं म्हणून. त्याला काय सांगू?’

अण्णांनी डब्यातून चेन उचलली, निथळू दिली…

‘खाली उभी राहून जास्त सांगत बसू नको. पाय गडावर भेटेल, तिथं येऊन बघ म्हणावं.’