खालचा दोन

"डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मग फुली का मारलीत, गुरुजी?"

मालन लोखंडेनं वही पुढं सरकवली. ग्रामीण रुग्णालयात ती अठरा वर्षं आया होती. आठवीत सुटलेली शाळा तिनं चाळिशीत पुन्हा धरली होती; दहावी झाली तरच मलमपट्टीच्या खोलीत कायम नेमणूक मिळणार होती. विज्ञानानं तिला दोनदा अडवलं होतं.

अत्तार गुरुजींच्या पायाला जखम होती. रोज सकाळी मालन ती धुऊन पट्टी बांधायची, आणि मग गुरुजी शिकवायचे.

समीकरण एवढंच होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे H₂ + O₂, उजवीकडे H₂O. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडत होता. मालननं O च्या पायाशी बारीक दोन लिहिला. H₂O₂. दोन्ही बाजू जुळल्या.

"अठरा वर्षं माणसं सांभाळतेय मी," ती म्हणाली. "दोनापर्यंत मोजता येतं मला."

जखम धुवायची बाटली शेजारीच होती. गुरुजींनी ती पेल्यात ओतली आणि पेला ओठांशी नेला...

मालननं त्यांचं मनगट धरलं.

"गुरुजी, हे पाणी नाही."

"तुझ्या वहीत पाणी म्हणून हेच आहे."

त्यांनी बाटली फिरवून तिच्यापुढं धरली. लेबलवर छापलं होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड. खाली H₂O₂.

ती बघत राहिली... मग तिनं तो बारीक दोन खोडला.

"आणि कमी पडतंय त्याचं काय करू?"

"पाण्याला हात लावू नकोस. आणखी एक पाणी घे."

तिनं H₂O च्या आधी मोठा दोन मांडला. ऑक्सिजन जुळला, पण हायड्रोजन उजवीकडे चार झाले आणि डावीकडे दोनच राहिले. तिचा चेहरा उतरला.

"ही बाजू सावरली की ती बिघडते."

"मग तिकडे जा."

तिनं डावीकडच्या H₂ आधी दोन लिहिला. बोटांवर मोजलं. चार, चार. दोन, दोन. पुन्हा एकदा मोजलं.

तरी ती खुलली नाही. उठून पेला मोरीत रिकामा केला, विसळला, आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"अठरा वर्षं ही बाटली हाताळतेय मी, गुरुजी. एकदाही वाचली नाही."

गुरुजींनी वही मिटली.

"कुणाला पाजलीही नाहीस."