चार मिनिटांच्या पुढे

“मग उस्ताद, यातला खरा आवाज कुठल्या जोडीचा?”

देशिंगकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

समोरच्या भिंतीशी स्पीकरच्या दोन जोड्या उभ्या होत्या. एक काळी, एक लाकडी. दोन्ही दुकानदाराने आठवडाभर ऐकून बघायला दिलेल्या. त्यातली एक आज संध्याकाळी परत जायची होती.

दस्तगीर उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मिरजेत पन्नास वर्षं त्यांनी तंबोऱ्यांची जवारी लावली होती. तारेखालची पट्टी कानशीने घासायची, जरा थांबायचं, पुन्हा घासायची, तंबोरा बोलेपर्यंत. गावात कुणाच्या कानाची शपथ घ्यायची तर त्यांच्याच.

देशिंगकर तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळत. कानापेक्षा त्यांचा मोजमापावर भरवसा. दुकानदारांच्या चुका त्यांनी भर दुकानात दाखवून दिल्या होत्या आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. पण या दोन जोड्यांपुढे त्यांची वही थकली. काळीला दहापैकी साडेसात. लाकडीला साडेसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं... तेच.

आणि ते स्वतःही थकले होते.

मुलीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली, तेव्हा ते बायकोला, उज्ज्वलाला म्हणाले होते, “आता थिएटरच्या रांगा नकोत. इथंच दोघं बसून सिनेमे बघू.” त्याला तीन वर्षं झाली. पडदा आला, अॅम्प्लिफायर दोनदा बदलला, मागच्या भिंतीवर दोन स्पीकर चढले, कोपऱ्यात घुमणारा मोठा डबा येऊन बसला. सिनेमा एकही पुरा झाला नाही. परवा उज्ज्वला मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला निघणार होती. पाच महिन्यांसाठी. त्याआधी एक तरी... म्हणून तर उस्तादांना स्कूटरवर घालून आणलं होतं.

“ऐकवता काय?” उस्तादांनी विचारलं.

“स्टेशनचा प्रसंग. चार मिनिटांचा. गाडी डावीकडून येते, कँटीनमध्ये ग्लास फुटतो, पत्र्यावर पाणी ठिबकतं. मग एक माणूस ट्रंक घेऊन उतरतो. सगळ्या जातीचे आवाज आहेत त्यात.”

“आणि पुढं?”

“पुढं काय?”

“तो माणूस उतरल्यावर.”

देशिंगकर घुटमळले.

“पुढं नुसती बोलणी असतील. परीक्षेला उपयोग नाही. मी तिथं बंद करतो.”

“किती वेळा ऐकलं?”

“चारशेच्या वर... नोंद आहे.”

उस्तादांनी नोंद बघायला मागितली नाही.

“बसा ना,” देशिंगकर खुर्ची दाखवत म्हणाले. खोलीत ती एकच खुर्ची. फरशीवर चिकटपट्टीची फुली मारून तिच्या बरोबर मध्यावर ठेवलेली. “इथूनच सगळं नीट जुळतं. दोन इंच सरकली तरी बिघडतं.”

“वहिनी कुठं बसतात?”

“ती? ती आपली तिथं.” दाराशी प्लास्टिकचं स्टूल होतं. “तिला यातलं फारसं कळत नाही.”

अलीकडे ती तिथेही बसत नव्हती. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून मालिका बघायची. चिरक्या आवाजात. हे देशिंगकरांनी सांगितलं नाही.

उस्तादांची एक रीत होती. जवारी लावून झाली की तंबोरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि आपण कारखान्याच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून ऐकत बसायचं. मांडीवर घेऊन ऐकलं तर आपला तंबोरा गोडच लागतो, म्हणायचे.

“साहेब, तुम्ही स्टुलावर बसा.”

“मी?”

“हां. रिमोट द्या इकडं.”

देशिंगकर बसले. स्टुलाचा एक पाय आखूड होता. हे त्यांना आज कळलं. उस्ताद भिंतीला पाठ टेकून उभेच राहिले आणि त्यांनी बटण दाबलं. काळी जोडी चालू झाली.

गाडी आली ती एकाच कानात आली. ग्लास फुटला असणार. पत्र्यावरचं पाणी ठिबकलंच नाही. कोपऱ्यातल्या डब्याचा घुमारा तेवढा दाराच्या काचेत शिरला आणि काच पाठीमागे थरथरत राहिली, कमरेत कळ यावी तशी.

“इथून काही कळत नाही हो!”

“कुणाला?”

देशिंगकरांनी बुडाखालच्या स्टुलाकडे बघितलं.

दार उघडून उज्ज्वला चहाचा ट्रे घेऊन आली. पडद्यावर गाडी बघून ती दारातच थांबली. हे चार मिनिटांत संपतं, मग चहा द्यायचा, हे तिला पाठ होतं.

माणूस ट्रंक घेऊन उतरला.

देशिंगकरांचा अंगठा रिकाम्या गुडघ्यावर आपोआप दाबला गेला. रिमोट उस्तादांकडे होता. उस्तादांनी काहीच दाबलं नाही.

गाडी निघून गेली. फलाटावर दुसऱ्या टोकाला एक बाई उभी होती. ती म्हणाली, “पत्र मिळालं होतं ना माझं?”

“अगंबाई, ही कोण?” उज्ज्वला म्हणाली. “मला तर तीन वर्षं वाटत होतं, हा बिचारा एकटाच आहे.”

उस्ताद हसले. “मलाही ठाऊक नाही, वहिनी. बसा, बघू.”

ट्रे हातात धरून ती त्या एकुलत्या खुर्चीवर टेकली. पायाने खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. फरशी करकरली. खुर्ची फुलीवरून चांगली वीतभर सरकली. देशिंगकरांनी ते बघितलं.

“चाचा, आवाज जरा कमी करा. ती हळू बोलतेय.”

उस्तादांनी कमी केला. काच थरथरायची थांबली.

पडद्यावरची दोघं स्टेशनाबाहेर आली. टांगा नव्हता. त्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि दोघं कच्च्या रस्त्याने चालू लागली. बोलत नव्हती. चहावर साय धरत होती. उज्ज्वलाचं तिकडे लक्ष नव्हतं.

देशिंगकरांनी घड्याळ बघितलं. पावणेपाच. दुकानाचा माणूस सहाला येणार. ते उठले, वाकून अॅम्प्लिफायरच्या मागे गेले आणि काळ्या जोडीची वायर त्यांनी चिमटीत धरली.

“काळीचं झालं. आता लाकडी लावतो. पुन्हा पहिल्यापासून.”

उज्ज्वला चिडली नाही. ट्रे सावरला आणि खुर्चीतून अर्धी उठली. सवयीने.

उस्ताद सावकाश पुढे आले. त्यांनी देशिंगकरांच्या मनगटावर हात ठेवला. कानशीने खरखरीत झालेला, हलका हात.

“पण उस्ताद...” देशिंगकरांचा आवाज पार दमलेला होता. “दुसरी ऐकल्याशिवाय ठरवायचं कसं?”

पडद्यावर रस्ता अजून बराच उरला होता. त्या माणसाने ट्रंक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“लावा की, साहेब,” उस्ताद म्हणाले. “पण आधी त्या ट्रंकवाल्याला घरी पोचू द्या.”