राजमार्गावरचं लोणी

मंदारपूरच्या राजाच्या पानात लागोपाठ नवव्या दुपारी लोण्याच्या जागी तेलकट पाणी आलं, आणि राजाने हातातली भाकरी ताटात आपटली. वाड्यावर लोणी पोचवण्याचा मान गवळी आळीचा. म्हणून आळीतल्या वडीलधाऱ्या हौसाबाईला दरबारात बोलावणं गेलं. तुम्ही लोण्यात भेसळ करता, असा आरोप होता. हौसाबाईची जीभ घरात फार चाले. दरबारात ती टाळ्याला चिकटली. तेव्हा सोबत आलेली तिची नवी सून गोजरा पुढे झाली. लग्नाला दोनच महिने झाले होते, आणि सासरी अजून कुणी तिचं पुरतं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

"लोणी आळीतून घट्टच निघतं, महाराज," ती म्हणाली. "राजमार्गावर पातळ होतं."

सगळा दरबार स्थपती विश्वंभरपंतांकडे वळला. कारण राजमार्ग त्यांनी बांधला होता.

राजमार्ग वेशीपासून वाड्यापर्यंत दोरीसारखा सरळ, आणि इतका रुंद की या कडेच्या माणसाला त्या कडेचा सख्खा भाऊ ओळखू येऊ नये. वाटेतले कडुनिंब पंतांनी तोडून टाकले होते, कारण झाडं पानं गाळतात आणि नगरीची शोभा घालवतात. घरांचे सज्जे उडवले होते, कारण ते रेषेबाहेर येत होते. खाली पांढरी घोटीव फरशी. ती दुपारी अशी तापे की पालखीचे भोई नाचत नाचत चालत, आणि आमचे भोईसुद्धा किती उत्साही आहेत, असं पंत पाहुण्यांना दाखवत. पहाऱ्यावरचे शिपाई भोवळ येऊन पडत. राजवैद्य त्याला पित्त म्हणत. त्या पित्ताच्या जोरावर वैद्यांनी नवं घर बांधलं. बांधलं मात्र जुन्या, अरुंद गल्लीत.

पंतांनी शांतपणे खुलासा केला. दोष राजमार्गाचा नाही, गवळी आळीचा आहे. ती वेडीवाकडी. बायका वळणावळणावर गप्पा मारत थांबतात, तेवढ्यात लोणी विरघळतं. आळी पाडून राजमार्ग थेट गोठ्यापर्यंत न्यावा, म्हणजे लोणी निम्म्या वेळात येईल. दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच होता.

म्हणजे सव्वाशे घरं पाडायची.

राजा हट्टी होता, पण आपण न्यायी आहोत असंही त्याला वाटे. त्याने अट घातली. उद्या भर दुपारी गोजराने आळीपासून वाड्यापर्यंत लोणी आणावं, तेही उघड्या ताटात. ओलं फडकं नाही, झाकण नाही, छत्री नाही. लोणी घट्ट पोचलं तर आळी राहील. वितळलं तर संध्याकाळी पहिली कुदळ पडेल.

गोजराने होकार दिला आणि दोनच गोष्टी मागितल्या. त्याच गोळ्यातला अर्धा भाग पंतांनी स्वतः राजमार्गावरून आणावा. आणि वाड्यावरचं सगळं सामान राजमार्गानेच आलं पाहिजे, हा पाडव्यापासूनचा हुकूम तिच्यापुरता एक दिवस उठावा.

"ए पोरी," पंत हसले, "जुन्या गल्ल्यांची वाट तिप्पट आहे. वाड्यावर येशील तेव्हा ताटात वाससुद्धा उरायचा नाही."

"तिला हवं तिथून येऊ द्या," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं, तेव्हा एका गोळ्याचे दोन भाग झाले. लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येकासोबत एक हुजऱ्या दिला. पंत राजमार्गावर झपाझप निघाले. गोजरा जुन्या गल्लीत शिरली. तिला घाई नव्हती. घरं एकमेकांकडे इतकी झुकलेली की सज्ज्यांमधून उन्हाची चिंधीच काय ती खाली पडे. मातीवर सकाळचा सडा होता. कासारांच्या वळणावर उन्हाची झळ भिंतीला आपटून तिथेच थांबे. पुढे विहीर, विहिरीवर पिंपळ. कोणत्या घडीला कोणत्या भिंतीच्या अंगाने चालायचं, हे गोजरा दोन महिन्यांत पाहून पाहून शिकली होती. हुजऱ्या म्हणाला, "वहिनी, जरा बसू या का इथे? बरं वाटतंय."

पंत आधी पोचले. वाड्याच्या पायऱ्यांवर ते लालबुंद उभे होते आणि ताटातलं लोणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. त्यांचा हुजऱ्या आलाच नाही. तो अर्ध्या वाटेवर एका खांबाच्या सावलीत उभा होता. खांब बारीक, म्हणून अंग चोरून.

बऱ्याच वेळाने गोजरा आली. गोळा थोडा मऊ झाला होता, पण त्यावर हौसाबाईच्या बोटांचे ठसे होते तसे होते. राजाने बोटाने चाखून पाहिलं, मग पुन्हा चाखून पाहिलं.

"तुझी वाट तिप्पट लांब," तो म्हणाला. "मग हे कसं?"

"लांबी पायांना लागते, महाराज. लोण्याला ऊन लागतं."

पंतांना राहवलं नाही. कोपर पुसत ते म्हणाले, "महाराज, नगरी काय लोण्यासाठी बांधतात? नगरी माणसांसाठी असते!"

"म्हणूनच तर पंतांना आजवर कळलं नाही," गोजरा म्हणाली. "लोणी निदान वितळून दाखवतं. माणसं वितळत नाहीत. घरी जाऊन गुपचूप आजारी पडतात."

राजवैद्य आभाळाकडे पाहू लागले. मग राजा असा हसला की ताटातलं उरलेलं लोणी हलायला लागलं.

त्याने तिथल्या तिथे आळी राखल्याचा ताम्रपट करायला सांगितला, हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं, आणि आणखी काही हवं का, असं विचारलं. तिने राजमार्गाच्या दोन्ही कडांना कडुनिंबाची रोपं मागितली, आणि ती पंतांच्या हातची हवीत, म्हणाली. लावणं पंतांचं, पाणी घालणंही पंतांचं, भर दुपारी.

"पण किती दिवस?" पंत ओरडले.

"फार नाही," गोजरा म्हणाली. "तुम्हांला सावलीत उभं राहून पाणी घालता येईल, तोवरच."