सबब अर्ज निकाली

त्या विद्यापीठात कुलगुरूंनी ‘नाही’ म्हटल्यावर ‘पण’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्यापुढे विद्यापरिषदेत प्राध्यापिका सुलभा मोहरील तिसऱ्यांदा उभ्या होत्या. प्रस्ताव तोच होता: कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचे दुभाषे घडवणारा पदविका अभ्यासक्रम.

कुलगुरूंनी कागद दोन बोटांनी बाजूला सरकवला. “बाई, अभ्यासक्रम काय हौसेखातर काढायचे असतात? मागणी कुठाय? एका तरी कर्णबधिरानं माझ्याकडे येऊन काही मागितलंय?”

मोहरीलबाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. विद्यापीठाच्याच दप्तरातून काढलेली एक नक्कल त्यांनी उघडली.

“पुष्पा तायवाडे, कर्णबधिर विद्यार्थिनी. वर्गात दुभाषी मिळावा म्हणून अर्ज. सुनावणी आपल्यासमोर झाली, सर. शेरा असा आहे: ‘अर्जदार समक्ष हजर. काही बोलली नाही. सबब अर्ज निकाली.’ खाली सही आपली. त्या दिवशी ती अर्धा तास हातांनी बोलत होती. पुढच्याच महिन्यात तिनं कॉलेज सोडलं.”

कुलगुरू स्वतःच्या सहीकडे बघत बसले. शेवटी कुलसचिवांनी चाचरत विचारलं, “इतिवृत्तात काय लिहू?”

कुलगुरूंचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही.

“सरांचाच शेरा लिहा,” मोहरीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. “कुलगुरू समक्ष हजर. काही बोलले नाहीत. सबब प्रस्ताव मंजूर.”

यावर कुलगुरूंनी हातानंच उत्तर दिलं. सहीच्या पेनसाठी तो पुढे केला.