कौलांच्या साच्याचा हट्ट

फार वर्षांमागे येसू कुंभारणीकडे कौलांचा एक लाकडी साचा होता. गावातली सारी कौलं त्याच्याच पोटातून निघत. एकदा तो हटून बसला, "येसूबाई, माझी कड जुनाट दिसते. जरा गोलाई द्या." येसूने कड तासून दिली.

नवी कौलं देखणी निघाली. येसूने ती गोठ्यावर फुटक्या कौलांच्या जागी बसवली, पण जुन्या कौलांत ती नीट अडकेनात. वारा सुटताच अर्धं छप्पर धडाधड कोसळलं. वासरू थोडक्यात बचावलं.

साचा हादरला. "असं कसं झालं? बदललो तर मी एकटाच!"

ढिगाऱ्यातलं जुनं कौल कण्हत म्हणालं, "बाबा रे, आम्ही सगळी तुझ्याच मापाची. तू एकटा होतास कधी?"